शेठच्या नावाचा धवला

नामी, नाक्यावर तुझा बॅनर लागलाय. रिक्षा स्टँडच्या वर, दोन खांबांना तारेनं बांधलाय. मधे तुझा फोटो आहे, पण बाजूचा शेठचा फोटो तुझ्या दुप्पट आहे. खाली त्याचे भाचे, पुतणे, मंडळाची पोरं, एकेकाचं तोंड टिकलीएवढं. तुझ्या नावाच्या आधी 'धवलासम्राज्ञी' लिहिलंय. मी रिक्षातून उतरून ते वाचलं. तुझा तो फोटो तुझ्या नातसुनेच्या, रोशनीच्या भावाच्या लग्नातला आहे. तू जेवायला बसली होतीस, त्यांनी खालचं ताट कापून टाकलंय. नीट बघितलं तर गालात घास दिसतो.

परवा शेठचा माणूस घरी आला होता. म्हणाला, आजी, तेराव्याच्या संध्याकाळी सभा ठेवलीय, तुम्ही त्यांच्या जोडीदार, दोन शब्द बोला. मी विचारलं, काय बोलू? म्हणाला, चांगलं चांगलं बोला. मी म्हटलं, मग मला जमायचं नाही. त्याला वाटलं मला रडू येतंय. त्यानं मला पाणी दिलं, माझ्याच घरात, माझ्याच माठातलं.

सभेत बोलणार नाही, म्हणून हे लिहिते. तू जिवंत असतीस तरी वाचलं नसतंस, तुला अक्षर येत नव्हतं. माझी चौथी झालेली आहे आणि त्या चौथीवरून तू मला जन्मभर टोमणे मारलेस.

आता आपल्याच नातवंडांना धवला म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून इथे सांगून टाकते. लग्नाच्या मांडवात, हळद लागायच्या आधी, तांदळाचा चौक भरून दोघी बाया बसतात. एक ओळ काढते, दुसरी झेलते. आधी देवांना बोलावतात, मग गावाला, मांडवाला, मग नवऱ्याला आणि नवरीला मोठं करत नेतात. त्या गाण्याला धवला म्हणतात आणि म्हणणारीला धवलारीण. आमच्या आगरी गावांत पूर्वी भटजी आला नाही तर चालायचं. धवलारीण आली नाही तर हळद तबकातच राहायची. तू ओळ काढायचीस, मी झेलायचे.

तुला तुझ्या सासूनं शिकवलं. मला कुणी शिकवलं नाही. माझ्या नवऱ्यानं मुंबईला गोदीत नोकरी धरली आणि तिकडेच दुसरं घर केलं, तेव्हा मी तोंड लपवून घरात बसले होते. तू दारात उभी राहिलीस. आत आली नाहीस, घाई होती तुला.

"रडून झाला काय?"

"नाय झाला."

"मग रस्त्यानं रड. कोन गावात लगीन हाय. माजी झेलकरीण बालंतपनाला गेली."

मी म्हटलं, नवऱ्यानं टाकलेलीला मांडवात कोण घेईल?

"मी घेतंय," तू म्हणालीस. "आजून कोनाला इचारायचा हाय?"

कोन गावच्या त्या मांडवात एका म्हातारीनं तोंड उघडलंच. ही कोण, हिचा नवरा कुठे, असं काहीतरी सुरू केलं. तू तिच्याकडे मान वळवली नाहीस. तबक पुढे ओढलंस आणि पहिली ओळ काढलीस. धवला सुरू झाल्यावर मधे कुणी बोलत नाही. म्हातारीला हळद लागेपर्यंत गप्प बसावं लागलं, आणि तोवर तिचं बोलणं शिळं झालं होतं. त्या दिवसापासून मी गावात टाकलेली राहिले नाही, नामीची झेलकरीण झाले. मला शिधा मिळाला, लुगडं मिळालं, मांडवात बसायला जागा मिळाली. हे तुझं देणं आहे आणि मी ते कबूल करते. पुढचं वाचून कुणी म्हणू नये की यशोदा उपकार विसरली.

तू चांगली बाई होतीस असं मात्र मी लिहिणार नाही. दोन लुगडी आली की चांगलं तू घ्यायचीस आणि वर म्हणायचीस, "तुला हिरवाच शोभतो." मला हिरवा कधीच शोभला नाही. मी एखादी ओळ उशिरा झेलली तर भर मांडवात मांडीला चिमटा काढायचीस आणि चेहरा देवळातल्या देवीसारखा ठेवायचीस. घरी येताना शिव्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची पूड मागायला तूच यायचीस, काल काही झालंच नाही अशी.

पण ओळ काढायला बसलीस की तुझ्यासारखी मी दुसरी पाहिली नाही. एका लग्नात नवरा मुलगा मिठागरावर कामाला होता. खारट पाण्यात उभं राहून राहून त्याच्या पायांना भेगा पडलेल्या, बोट जाईल एवढ्या. नवरीकडच्या पोरी त्या पायांकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. पोरगा पाय पाटाखाली ओढून घेत होता. तू धवल्यातच त्याच्या पायांवर आलीस. कुणी शिकवलेली ओळ नव्हती ती, तिथल्या तिथे केलीस. याचे पाय खाडीनं पाहिलेत, म्हणालीस, यानं उभं राहून अख्ख्या मुलखाच्या जेवणाला चव दिली. मग गाता गाताच माझ्याकडे बघून पुढची ओळ घेतलीस, भेगा राहू नको देऊ, हळद आत भर. मी ओळ झेलली आणि खाली वाकून भेगांत हळद भरली. पोरी हसायच्या थांबल्या. त्या पोरानं पाय पुढे केले. नवरीची आई पदर तोंडाला लावून उभी होती.

धवला कशासाठी असतो ते मला त्या दिवशी समजलं. ज्याला उद्यापासून घर ओढायचं आहे त्याला आज सगळ्यांच्या देखत मोठा करायचा. मग तो काळा असो, गरीब असो, तोतरा असो. माझी समजूत एवढीच होती आणि ती मला पुरत होती.

मग ते कॉलेजातले सर आले.

आपण ओट्यावर जवळा निवडत बसलो होतो. सरांच्या खांद्याला पिशवी आणि हातात टेप. वासानं त्यांचा जीव वर आला होता, तरी बसले. चांगला माणूस. अख्खी दुपार त्यांनी धवले ऐकले आणि शेवटी विचारलं, धवला या शब्दाचा अर्थ काय?

"धवला म्हंजे धवला," तू म्हणालीस.

सर हसले नाहीत. मग त्यांनीच सांगितलं. धवल म्हणजे पांढरा शुभ्र. फार जुन्या काळी उत्तम पांढऱ्या बैलालाही धवल म्हणत. गाडा चिखलात रुतला आणि बाकीच्या बैलांनी माना टाकल्या की त्याला जुंपायचे. एखाद्या मोठ्या माणसाची स्तुती करायची तर त्याचं नाव न घेता त्या बैलाचं गाणं म्हणत, आणि ऐकणाऱ्यांना बरोबर कळायचं कुणाबद्दल आहे. त्या स्तुतीच्या गाण्यालाच पुढे धवल नाव पडलं. लग्नात ते नंतर आलं असावं. "असं जाणकार मानतात," सर म्हणाले, "बघायला तेव्हा कोण होतं?"

"म्हंजे आमी इतकी वर्सं नवऱ्यांना बैल बोलतो?"

"उत्तम बैल," सर म्हणाले.

"याच्यासाठी कॉलेजात कशाला जायला पायजे?" मी म्हटलं. "कोनच्या पन बायकोला इचारा."

सर खूप हसले. तुझ्या हातातलं सूप हललं, जवळा सांडला. तू तो गोळा करत करत, मान खाली घालून विचारलंस, "राजाला पन म्हनायचे काय हो सर?"

"राजाला, शूराला. ज्याची थोरवी गायची त्याला."

"लगीन नसला तरी?"

"लग्नाचा तेव्हा काही संबंध नसावा."

तू सूप पुन्हा मांडीवर घेतलंस. तू एवढी गप्प बसलीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्या एका सांगण्यातून मी रुतलेला गाडा उचलला आणि तू राजा उचललास.

पुढच्या वर्षांत आपली कामं गेली. जमिनी गेल्या, पैसे आले, आधी मोटारसायकली आल्या, मग गाड्या. लग्नं हॉलमध्ये गेली. हळदीला डीजे, पोरं दारू पिऊन गाडीच्या टपावर नाचायची. आपल्याला बोलावलं तरी नावापुरतं. एकदा तर आपण चौक भरून बसलो आणि पोरानं येऊन सांगितलं, आजी, पाच मिनिटांत उरका, साउंडवाला ताटकळलाय. तू उठलीस. तुझा तळतळाट मला समजत होता, माझाही तोच होता. फक्त मी घरी जाऊन भांडी आपटली आणि तू वाट बघत बसलीस, कुणीतरी पुन्हा बोलावील म्हणून.

बोलावलं ते शेठनं.

शेठ म्हणजे कोण ते इथे सगळ्यांना माहीत आहे, नाव घ्यायची गरज नाही. आपल्याच गावचा. त्याच्या आईच्या मांडवात तुझ्या सासूनं धवला म्हटलेला. त्यानं गावातल्या जमिनी बाहेरच्यांना मिळवून दिल्या, मग स्वतःच घ्यायला लागला. तुझ्या भावाची खाचरं त्यानंच घेतली, कागद वाचून न दाखवता. आता तिथे सात मजली इमारत आहे आणि तुझा भाऊ त्याच इमारतीच्या गेटवर वॉचमन आहे.

त्याच्या वाढदिवसाला गौरव समारंभ होता. त्याचा माणूस तुझ्याकडे येऊन गेला, नामीआजी, आपली संस्कृती आहे, शेठसाठी धवला पाहिजे. तू मला सांगायला आलीस ती ठरवूनच.

"लगीन कोनाचा हाय?" मी विचारलं.

"वाढदिवस हाय."

"मग हलद कोनाला लावतेस? केकला?"

"सर काय बोलले ते इसरलीस? धवला मोठ्या मानसाचा. लग्नात मागून आला."

"सर बैल पन बोलले होते. रुतलेला गाडा ओढनारा. यानं कोनाचा गाडा ओढला? तुज्या भावाचा?"

"भाऊ म्हातारा झाला. त्याला शेती झेपत नव्हती."

"म्हनून आता गेट उघडतो."

"तुजी जीभ कापून कुत्र्याला घातली तर कुत्रा मरंल, यशे." मग तुला आणखी एक सुचलं. "आनि त्यो पांढरा तर हाय. बूट पन पांढरा घालतो."

मला हसू आलं होतं. मी हसले नाही. हसले असते तर तू मला घेऊन गेली असतीस, तुझी तशी पद्धतच होती. मी म्हटलं, तू जा, मी झेलायला येणार नाही. तू म्हणालीस, झेलायला पोरी पैशाला पासरी मिळतात.

मिळाली एक पोरगी, पेटीवाल्याच्या ओळखीची. मी घरी भाकऱ्या थापत होते. मैदानावरचा आवाज घरात येत होता, दार लावलं तरी येत होता. तू देवांना बोलावलंस. गाव झालं, मांडव झाला, तिथे मांडव कसला, पत्र्याचं स्टेज. मग नवऱ्याचा धवला आला आणि नवऱ्याच्या नावाच्या जागी तू शेठचं नाव घेतलंस. लोकांनी शिट्ट्या मारल्या. नातवंडं असलेल्या माणसाला तू नवरा केलंस, त्याच्या अंगणात मोत्यांचा चौक भरलास, त्याच्या वाटेवर देव उभे केलेस. मी तव्यावरची भाकरी काढायला विसरले.

दुसऱ्या दिवशी तू शाल पांघरून गल्लीतून दोनदा गेलीस. उन्हात. मी बघितलं आणि आत गेले.

दिवाळीच्या आधी तुझ्या पोराला, बाळारामला डंपर मिळाला. त्याची कंपनी बंद पडल्यापासून तो नाक्यावर बसून असायचा आणि संध्याकाळी प्यायचा, ते मला ठाऊक होतं. सून माहेरी जायची भाषा करत होती, तेही ठाऊक होतं. शेठच्या भरावाच्या कामावर त्याचा डंपर लागला आणि तुझं घर पुन्हा उभं राहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

नामी, मला जे बोलायचं आहे ते हे आहे. तू पोरासाठी गेली होतीस. तेवढं मला सांगायचंस. यशे, पोरगा वाया चाललाय, घर मोडतंय, म्हणून मी त्या माणसाच्या नावानं धवला म्हणणार आहे, असं म्हणाली असतीस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या आणि तुझ्या मागून येऊन बसले असते. मी झेललं असतं, शेठचं नावसुद्धा. तू मला सरांचा शब्द दाखवलास. धवल्याचा जुना अर्थ काय, मूळ काय, ते मला, जिनं तुझ्या शेजारी बसून भेगांत हळद भरली तिला, शिकवलंस. पोटासाठी केलं ते मी माफ केलं असतं. त्याला तू शहाणपणाचं पांघरूण घातलंस आणि मला परकी केलंस, त्याचा राग अजून आहे. तू मेलीस म्हणून तो गेलेला नाही.

मग ते सुरूच झालं. एकाचा वाढदिवस झाला की दुसऱ्याचा. लग्नांतही तुला पुन्हा बोलावू लागले, पण स्टेजवर, माईक देऊन, पाहुणे जमल्यावर. पुढच्या सोफ्यावर शेठ बसलेला असायचा, तेव्हा त्याचं नाव घ्यावंच लागायचं. आधी नवऱ्याचं घेऊन मग त्याचं घ्यायचीस. नंतर नंतर त्याचंच. लोकांना त्यात काही वावगं वाटेना.

आपण बोलायचं सोडलं. तू नळावर मोठ्यानं म्हणायचीस, "काई लोकांना दुसऱ्याचा बघवत नाय." मी मोठ्यानं म्हणायचे, "काई लोकांना शाल उन्हात पन लागते." पाणी भरणाऱ्या बायांची चांगली करमणूक झाली. कुणी आपल्याला समोरासमोर बसवलं नाही, आणि आपणही बसलो नाही.

शेवटी रोशनी मला बोलवायला आली, तुझी नातसून. जासईची पोर, शांत आहे. म्हणाली, आजी काही खात नाहीत आणि तुमचंच नाव काढतात. मी चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या.

तू खाटेवर एवढीशी झाली होतीस. मी उंबऱ्यात उभी राहिले तर म्हणालीस, "बस. चावत नाय, दात काढलंत."

मी बसले. तू लगेच मुद्द्यावर आलीस. नातीचं, प्रणालीचं, लग्न ठरलं आहे, धवला तू म्हण.

"मी झेलकरीण," मी म्हटलं. "ओल काढनारी तू."

"मी काय आता ओल काढतेय. तू म्हनशील का नाय, तेवढा सांग."

मी म्हटलं, आधी तू एक गोष्ट बोल. शेठचा धवला म्हटलास ते चुकलं, एवढं बोल.

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. मग म्हणालीस, "नाय चुकला."

"बरा."

"त्यो काय बैल नाय, मना ठाव हाय. या घराचा गाडा रुतला तवा मी ओढला. मग सर बोलले त्या हिशोबानं धवला कोनाचा? माजा. म्हनला का कोनी?"

"सोताचा धवला सोता मागायचा नसतो."

तुला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. रोशनी पाणी घेऊन धावली. खोकला थांबल्यावर तू तिला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलास आणि पुन्हा विचारलंस, म्हणशील का? मी म्हटलं, बघू. चहा प्यायले आणि घरी आले.

दोन दिवसांनी तू गेलीस. तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं 'बघू' हे आहे. मला त्याची लाज वाटत नाही. तूही 'नाय चुकला' म्हणूनच गेलीस.

लग्न पुढे ढकललेलं नाही. हॉल घेतलेला, मुलाकडच्यांची सुट्टी ठरलेली, म्हणून तेरावं झालं की आठवड्यानं उरकणार आहेत. बाळाराम माझ्याकडे आला. पाया पडला, आधी कधी पडला नव्हता. म्हणाला, "यशोदामावशी, हळदीला स्टेजवर धवला तुमी म्हना. आयची इच्छा होती. आठ वाजता शेठ येनार, ते आले की सुरू करू. शेठचा नाव घ्यायला लागंल."

"तुज्या पोरीचा लगीन हाय का शेठचा?"

"हॉल त्यांनी दिलाय मावशी. आनि आयनंच तर घेतला होता ना नाव."

तो खोटं बोलत नव्हता. म्हटलं, स्टेजवर येणार नाही. धवला पहाटे, तुमच्या दारात, हळद कांडताना, घरच्या बाया असतील तेवढ्यांत म्हणीन. जुन्या वेळेला. शेठ त्या वेळेला अंथरुणात असतो. बाळारामनं डोकं खाजवलं. मग त्याच्या लक्षात आलं की यात त्याचं काही बिघडत नाही, रात्री स्टेजवर डीजे लावता येईल. तो हो म्हणून गेला.

प्रश्न झेलायचा होता. धवला एकटीनं होत नाही. गावातल्या जुन्या बाया कुणी गेल्या, कुणी मुलांबरोबर शहरात, ज्या आहेत त्यांना ऐकू येत नाही. प्रणालीला येतो थोडा, पण नवरीनं स्वतःचा धवला झेलायचा नसतो. तेव्हा रोशनी म्हणाली, मी झेलते. तुझ्याकडून ऐकून ऐकून तिला पाठ झाला आहे. स्टेजवर जायच्या आधी तू स्वयंपाकघरात बसून गळा साफ करायचीस, ती पोळ्या लाटता लाटता ऐकायची.

काल दुपारी ती मागच्या दारानं आली. अजून तुझं सुतक आहे, धवला म्हणायची ही वेळ नाही, म्हणून दार लावून, आवाज चोरून बसलो. मी ओळ काढली. जन्मात पहिल्यांदा काढली. गळा मधेच बसला, पुन्हा काढली. रोशनीनं झेलली आणि बरी झेलली, आवाज कोवळा आहे पण डगमगत नाही. देव झाले, गाव झालं, मांडव झाला. मला बरं वाटायला लागलं होतं. मग नवऱ्याचा धवला आला. मी निलेशचं नाव घेतलं, तुझ्या होणाऱ्या नातजावयाचं. रोशनीनं ओळ झेलली आणि त्या जागी शेठचं नाव घेतलं.

तिनं मुद्दाम केलं नाही. तिला कळलंही नाही, ती पुढच्या ओळीची वाट बघत माझ्याकडे बघत राहिली. मी पुढची ओळ काढली नाही तशी घाबरली.

"चुकला काय आजी?"

मी सांगितलं. तिनं तोंडावर हात घेतला. "मना वाटला तो नाव गान्यातलाच हाय," ती म्हणाली. "आजी सगल्यांच्या लग्नात तसाच म्हनायच्या."

नामी, ती तुझ्या घरात आली तेव्हापासून तिनं त्या जागी दुसरं नाव ऐकलेलंच नाही. तुझ्या सासूनं तुला धवला दिला तेव्हा ती जागा रिकामी होती. ज्याचं लग्न असेल तो तिथे येऊन बसायचा, हळद लागली की उठायचा, पुढच्या लग्नाला पुढचा. त्या मिठागरावरच्या पोराला तू तिथेच बसवलं होतंस. तू तिथे एकाला कायमचा बसवून गेलीस. बॅनर वाऱ्यानं फाटेल. हे कशानं फाटायचं?

मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच नाव आलं, फक्त अर्धं गिळलेलं. पुन्हा म्हटलं. निलेश आलं, आणि पुढच्याच कडव्यात पुन्हा शेठ. पोर रडकुंडीला आली. जीभच तशी वळते, म्हणाली, मी काय करू? मी तिला ओरडले नाही. चूक तिची नव्हती आणि जिची होती तिला ओरडायची सोय आता राहिली नाही.

आजही येऊन गेली. चार वेळा बरोबर म्हणाली, पाचव्यांदा चुकली. उद्या तुझी सभा आहे. शेठ बोलणार आहे, तुझ्याबरोबर धवला गेला असं काहीतरी म्हणेल आणि लोक माना हलवतील. रोशनी डोकं दुखतंय सांगून मागे राहणार आहे. आम्ही दोघी दार लावून बसू. लग्नापर्यंत तिच्या तोंडातलं ते नाव गेलं तर ती झेलेल. नाही गेलं तर त्या ओळीला मी तिच्या मनगटावर हात ठेवीन, ती थांबेल, आणि ओळ काढायची आणि झेलायची दोन्ही मीच करीन. धवला असा होत नाही, मला माहीत आहे. तरी करीन. तुझ्या नातीला त्या माणसाच्या नावानं हळद लागू देणार नाही.